गार भिंग

सेगेद शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या तळघरातला मायक्रोस्कोप पिरोश्का वादास सदतीस वर्षं सांभाळत होती. या काळात प्राध्यापक तीन बदलले, यंत्रं चार. यंत्राला ती पावाच्या भट्टीसारखं वागवायची. पहाटे येऊन तापत ठेवायची, मगच कुणाला हात लावू द्यायची. गेला महिनाभर मात्र गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे ती घरी पडून होती, आणि तेवढ्यात यंत्र तासावर वाटून द्यायची पद्धत सुरू झाली.

शुक्रवारी काठी टेकत ती खाली उतरली, तर संशोधक लेवेन्ते पडद्यासमोर डोकं धरून बसलेला.

"काय रे, कोण गेलं?"

"माझा विषय, मावशी. आज रिसेप्टर हलले नाहीत तर सर काम बंद करणार."

पडद्यावर एक पेशी होती. तिच्या कडेवर हिरवे ठिपके चमकत होते. बाहेरचा निरोप झेलणारे रिसेप्टर ते. औषधाचा थेंब पडला की त्यांनी आत सरकायला हवं. वीस मिनिटं झाली तरी रुसलेल्या पाहुण्यांसारखे ते उंबऱ्यावरच.

"यंत्र कधी लावलंस?"

"आठला. नऊला वेळ संपते, म्हणून लगेच थेंब टाकला. पण तापमान सदतीस आहे, बघा ना."

"ते हवेचं. लोखंडाचं कोण बघणार?" तिनं भिंगाच्या नळीला बोट लावलं. "हे गारढोण भिंग मधल्या तेलाच्या थेंबातून थेट तुझ्या काचेला चिकटलंय. गारठलेली पेशी काही आत घेत नाही, बाळा."

"महिनाभर मला कुणी सांगितलं नाही!"

"सांगणारी पलंगावर होती."

पुढच्या वेळा दुसरी एक संशोधक, यूदित, हिच्या होत्या. पिरोश्कानं तिला फोनवर खसखशीची गोड गुंडाळी करून आणायचं कबूल करून दुपारी एकपर्यंतचं यंत्र मिळवलं आणि ते तापत ठेवलं. लेवेन्ते येरझारा घालू लागला.

"बस खाली. तुझ्या फेऱ्यांचा वारा लागतो यंत्राला."

बाराला नव्या काचेवर आधी ताडून बघायला औषधाविना नुसत्या पाण्याचा थेंब टाकला. ठिपके ढिम्म. मग औषधाचा. चौथ्या मिनिटाला कडेचा एक ठिपका सुटला, आत बुडाला. मग दुसरा. मग कड विरळ होत गेली आणि पेशीच्या पोटात हिरवी धूळ साठली. लेवेन्तेनं सरांना फोन लावला.

प्राध्यापक होर्न्याक आले, फिल्म दोनदा पाहिली.

"एकीवर मी विश्वास ठेवत नाही. सोमवारी आणखी तीन आण."

"म्हणजे काम चालू, सर?"

"मग तीन कशाला मागितल्या?"

ते गेल्यावर पिरोश्कानं दाराला कागद चिकटवला : आठची वेळ घेणाऱ्यानं पाचला यावं.

"मावशी, सोमवारी आठला मीच आहे."

"माहितीये. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलंय."