बाबांचा अठरा डिग्रीचा फ्रीझर

बाबांनी अबुधाबीत लपूनछपून बनवलेली वीस लिटर बिअर मी एकदा मुद्दाम नासवली होती.

काल दुपारी चिपळूणला बाबा गेले.

सकाळपासून फोनवर सगळे एकच म्हणतायत, "फार शांत माणूस."
होते शांत. मला त्याचाच राग होता.

बाबा गल्फमध्ये एसी-रेफ्रिजरेशनचे फोरमन. मी तीन वर्षांची असताना गेले. दोन वर्षांतून एकदा घरी, तेही महिनाभर.

दोन हजार साली आई गेली. बाबा पोचले तेव्हा तिला अग्नी देऊन दोन दिवस झाले होते.
तेराव्यापर्यंत राहिले आणि परत ड्यूटीवर गेले.
उशीर का झाला, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या मे महिन्यात त्यांनी मला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. मी एकोणीस वर्षांची होते.

एक खोली, किचन आणि काचा लावून बंद केलेली बाल्कनी. बाल्कनीत आइस्क्रीमवाल्याकडे असतो तसा आडवा डीप फ्रीझर.

मला वाटलं, मासे असतील.

झाकण उघडलं तर आत पांढरा मोठा डबा. त्यातून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली.
डुबुक.
थोड्या वेळाने परत, डुबुक.

"बिअर आहे," बाबा म्हणाले. "बाहेर कुठे बोलू नकोस. कळलं तर सरळ विमानात बसवतील."

माझे बाबा! सुट्टीवर आले की आईसमोर साधी सिगरेट न ओढणारे.

फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट शून्याच्या खालचा. म्हणून बाबांनी प्लगच्या मधे कोल्ड रूमचा जुना थर्मोस्टॅट जोडला होता. त्याचा सेन्सर डब्याच्या अंगाला चिकटवलेला, वर फोमचा तुकडा. एकोणीस डिग्री झालं की कॉम्प्रेसर चालू, अठरा झालं की बंद.

"यीस्ट काम करायला लागलं की स्वतःच तापतं," ते सांगत होते. "म्हणून हवेचं नाही, डब्याच्या अंगाचं टेम्परेचर बघायचं. पहिले तीन दिवस सांभाळलं की खलास, टेन्शन नाही."

इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.
आईबद्दल एक वाक्य नाही. आणि यीस्टबद्दल हे एवढं.

पहाटे कंपनीची बस त्यांना घेऊन जायची. दिवसभर मी एकटी. खिडकीतून दिसायचे ते समोरच्या बिल्डिंगचे एसी आणि त्यांच्या खालचे पाण्याचे ओघळ. शेजारी कोण राहतं ते माहीत नाही. जिन्यात कोणी भेटलं तरी मान खाली.

दोन आठवड्यांनी त्यांनी नवा डबा लावला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना साइटवर जावं लागलं. दोन दिवसांसाठी.
"थर्मोस्टॅटचा काटा बघत जा हं," दारातून म्हणाले.

त्यांची बस गेल्यावर मी प्लग काढला.

आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा हा माणूस इथे डब्याचा ताप मोजत बसला होता. डोक्यात एवढंच होतं.

बाबा परत आले तेव्हा बाल्कनीची भट्टी झालेली. झाकण उघडलं तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. काटा तेहेतीसवर.

"लाइट गेली होती," मी म्हणाले.

बाबांनी मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे बघितलं. लाइट गेली की ते शून्यावर येऊन लुकलुकत राहायचं. आता बरोबर वेळ दाखवत होतं.

डबा उचलून बाथरूममध्ये नेला, ओतला, घासून पालथा घातला.

जेवताना म्हणाले, "राग माझा आहे ना? मग मला विचार."

"आईच्या वेळी का नाही आलात?"

त्यांनी घास ताटात ठेवला.

"गुरुवारी संध्याकाळी फोन आला. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि ऑफिस बंद झालेलं. शुक्रवारी सुट्टी. मॅनेजरचा फोन लागेना. शुक्रवारी अख्खा दिवस मी त्या दाराबाहेर बसून होतो. वॉचमन म्हणत होता, भाई, घर जाओ, कल आना. मी कुठल्या घरी जाणार?"

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? दार बंद होतं म्हणून?"

मग स्वतःहून म्हणाले, "तुझ्या आईच्या तेराव्यानंतर परत आलो आणि खोलीवर यावंसंच वाटेना. ड्यूटी संपली की खाली किराणावाल्याकडे उगाच उभा राहायचो. तेव्हा कंपनीतल्या एका गोऱ्या इंजिनियरने हे शिकवलं. माल्टचे डबे आणून दिले. मला बिअर एवढी आवडत नाही गं. पण संध्याकाळी काटा बघायला माणूस घरी यावा लागतो."

म्हणजे आई होती तोवर हा फ्रीझर नव्हताच.

मी रडायला लागले. जवळ यावं की नाही, त्यांना कळेना. शेवटी त्यांनी माझ्या ताटात अजून थोडा भात वाढला.

मी निघायच्या आधी आम्ही दोघांनी मिळून एक डबा लावला. पहिले तीन दिवस काटा मी बघितला. त्या तीन दिवसांत मी त्यांना आईचं शेवटचं दुखणं पहिल्यापासून सांगितलं. ते फ्रीझरला टेकून ऐकत होते. मधेच विचारायचे, "मग? तेव्हा काय म्हणाली?"

चार वर्षांनी ते कायमचे परत आले. फ्रीझर एका मल्याळी मित्राला देऊन टाकला. इथे परत कधी बिअर केली नाही.

चिपळूणच्या घरात एकटेच राहिले. मी नाशिकला. रोज फोन असायचा, पण बोलायला फारसं काही नसायचं.
"जेवलीस? बरं, ठेवतो."

काल मी त्यांच्या उशाशी होते. पाणी मागितलं, दोन घोट घेतले. म्हणाले, "तू जरा पड, दमलीस."
अर्ध्या तासाने श्वास थांबला.

आज घरात माणसं आहेत. सगळं आटोपलं की मी कुलूप लावून नाशिकला जाईन. आता चिपळूणला माझं कोणी नाही.

बाबा, तुम्हाला शेवटचा नमस्कार.