चौकटीत न मावलेले पाय

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होते. पेन्सिल कानामागे ठेवूनच झोपायचे. उशीचे अभ्रे धुताना माझ्या नाकी नऊ यायचे. लग्न केलं नाही. "दर वर्षी चाळीस पोरं मिळतात की आयती," म्हणायचे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांना रद्दीच्या दुकानात अमेरिकेतल्या एका चित्रकाराचं चित्र सापडलं. तो मासिकांसाठी चित्रं काढायचा आणि एकेका चित्रात अख्खी गोष्ट भरायचा. या चित्रात दार उघडं, नवरा कोट-टोपी घालून बाहेर निघालेला, बायकोचा हात तोंडावर, मुलगी खदखदून हसतेय. तिघांचीही नजर खाली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढं चौकटीत बसवून द्या. उद्या पहिला तास आहे."

घरात चौकट एकच, आणि तीही बुटकी. मी पडले शिवणकाम करणारी. जास्तीचं कापड दिसलं की हात कात्रीकडे जातो. चित्राची खालची चार बोटं कापली, आणि बसलं की फिट्ट! तुकडा शेगडीत गेला.

भाऊजींनी बघितलं आणि मटकन खालीच बसले. "वहिनी, इथे खाली काय होतं?"

"काही नाही हो. पाय होते."

"तिघं जण काही नसताना खाली बघताहेत?"

"ते मला काय विचारता? पायांत काय बघायचंय?"

बिचारे रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात एका चष्मेवाल्या मुलीने विचारलंच, "सर, चित्र कुणी कापलं?" आता माझं नाव कसं घेणार? म्हणाले, "कापलेलं नाही. चित्रकाराने ती जागा तुमच्यासाठी सोडलीय. सांगा, खाली काय असेल?"

झालं! त्या वेळी मारलेली थाप सव्वीस वर्षं टिकली. दर वर्षी पहिल्या तासाला तेच चित्र, तेच प्रश्न. एक मिनिट आधी काय झालं असेल? एका मिनिटाने काय होईल? कुणी म्हणे खाली कुत्र्याचं पिल्लू आहे, कुणी म्हणे फुटलेली बरणी. एका पोराने सांगितलं, बापाची बॅग उघडी पडलीय आणि आत कपड्यांऐवजी नुसती उशी आहे, म्हणजे त्याला कुठे जायचंच नाहीये. भाऊजी घरी येऊन सांगायचे आणि मी शिलाईचं मशीन थांबवून सगळं ऐकायची. त्या उशीच्या दिवशी भाऊजी दोन घास जास्त जेवले.

ती चष्मेवाली पुढे त्याच शाळेत बाई झाली. भाऊजींच्या जागी तीच येणार होती. ते निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी ती घरी आली, हातात जाडजूड पुस्तक. "सर, त्या चित्रकाराचं पुस्तक मागवलंय. आपलं चित्रही आहे म्हणे यात. मी उघडलेलं नाही. उद्या शेवटच्या तासाला तुम्हीच मुलांसमोर उघडा."

ती गेली. भाऊजी पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिले. चहा गार झाला.

"सगळं चित्र दिसणार, वहिनी. मुलं म्हणतील, सर खोटारडे. शेवटच्या दिवशी!"

"मग ते पान गाळा."

"म्हणजे अजून एक थाप."

दुसऱ्या दिवशी मीही गेले. मागच्या बाकावर बसले; गुडघे काही केल्या बाकात मावेनात. भाऊजी फळ्यापाशी उभे राहिले. आवाज बारीक झालेला. "मुलांनो, मी तुम्हाला थाप मारली होती. चित्रकाराने जागा सोडलेली नव्हती. चित्र माझ्या हातून कापलं गेलं."

ऐका! अजूनही मलाच पाठीशी घालताहेत. माझी शाळा दुसरीतच सुटली आणि त्या दोन वर्षांत मी एकदाही हात वर केला नव्हता. त्या दिवशी केला.

"सर, कापलं मी. चौकट बुटकी होती."

वर्ग खो खो हसला. पुढची एक मुलगी वळून म्हणाली, "आजी, मग खाली होतं काय?"

"पाय."

"नुसते पाय?"

"नुसते."

भाऊजींनी पान उघडलं. असा गलका उठला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. त्या ऐटबाज माणसाच्या एका पायात काळा बूट होता आणि दुसऱ्यात तपकिरी!

खोटारडे कुणीच म्हणालं नाही. उलट एका मुलाने भाऊजींनाच विचारलं, "सर, आता एका मिनिटाने काय होईल?"

"तूच सांग."

"बायकोवर ओरडेल, बूट तूच मिसळलेस म्हणून!"

"नाही सर, तो म्हणेल हीच फॅशन आहे!" आणि मग हातच हात वर. भाऊजींच्या कानामागची पेन्सिल खाली पडली, त्यांना कळलंही नाही.

निघताना चष्मेवालीने जुनी चौकटही मागून घेतली. म्हणाली, "पहिल्या तासाला ही, शेवटच्या तासाला पुस्तक."

आम्ही घरी निघालो. वाटेत भाऊजी म्हणाले, "वहिनी, पाय होते, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत."

"मग ऐकायचं होतंत," मी म्हटलं.