टेकवलेलं कोपर

वडील गेल्यावर केदारखेड्याच्या घरी भेटायला येणाऱ्यांसमोर कसं बसावं, हे मला कळत नव्हतं. मी ओसरीतल्या लाकडी खुर्चीत बसायचो, डावं कोपर खुर्चीच्या हातावर टेकवायचो आणि गाल तळहातावर ठेवायचो. मला चारचौघांत रडता येत नाही. पण तसं बसलं की लोक समाधानानं मान हलवायचे आणि पुढचं बोलणं काकांशी करायचे.

काही दिवसांनी डावी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. कोपरापासून मनगटापर्यंत ठणका लागला. मी कुणाला सांगणार नव्हतो, पण बोटं चोळताना आईनं पाहिलं. वडिलांचा लकवा डाव्या हातापासूनच सुरू झाला होता. ती नुसती माझ्या हाताकडे बघत राहायची, आणि तिची झोप गेली.

भेटायला येणाऱ्यांना मात्र विषय मिळाला. आत्यानं बिब्बा सुचवला. भोकरदनच्या एका पाहुण्यानं हात दाबून पाहिला.

"पुस्तकं वाचून नस कमजोर झाली."

"वाचायला डावा हात लागतो व्हय?" काकांनी विचारलं.

"मंग पुस्तक कोण धरतं?"

शेवटी काका मला नवीन जालन्यात नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी हाताला तारा लावून हलके झटके दिले. माझी करंगळी आपोआप उडू लागली.

"कशी नाचून राह्यली बघ," काका म्हणाले. "साहेब, मला बी लावा."

"तुम्हाला काय होतंय?"

"होत काई न्हाई. पण आलोच आहोत तर."

डॉक्टरांनी तारा काढल्या आणि मला विचारलं, "दिवसभर बसता कसे?"

मी तोंड उघडायच्या आत काका टेबलावर कोपर टेकवून, गाल हातावर दाबून बसले. डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ लोंबवला. "असा. सकाळपासून सांजलोक."

मी इतका वाईट दिसत असेन, असं मला वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला बोटानं टिचकी मारली. थेट करंगळीपर्यंत झिणझिणी गेली. "नस इथं दबलीय. लकवा बिलकुल नाही. कोपर टेकवू नका, झोपताना हात सरळ ठेवा."

घरी आल्या आल्या काकांनी सांगितलं, "वहिनी, लकवा न्हाई. याची बसायची खोड हाय."

आईनं आपली दोन बोटं माझ्या डाव्या मुठीत दिली. "दाब," म्हणाली. मी दाबली. ती उठून आत गेली.

थोड्या वेळानं एक दूरचे पाहुणे आणि त्यांची बायको आले. मी दोन्ही हात मांडीवर सरळ ठेवून बसलो होतो, शाळेच्या फोटोला बसतात तसा. पाहुण्यांनी काकांना हळूच विचारलं, "जल्दीच सावरला?"

"डॉक्टरनं मना केलं."

"दुःख करायला?"

"कोपर टेकायला."

पाहुणीनं रडायला म्हणून पदर तोंडाशी नेला, तोच आतून घोरणं ऐकू आलं. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत. काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. लई दिवसांनी झोपली."

पाहुणीनं पदर खाली घेतला. आम्ही चौघं गुपचूप आईचं घोरणं ऐकत बसलो. मी खुणेनं चहाचं विचारलं, तर कपबशी वाजेल अशी खूण करून पाहुण्यांनी नको म्हटलं. जाताना दोघांनी चपला हातात घेतल्या आणि रस्त्यावर गेल्यावर घातल्या.