शनिवारची दोन पिस्तुलं

साउथहॅम्प्टनच्या बंदुकांच्या दुकानात सलग तिसऱ्या शनिवारी मी त्याच दोन एअर पिस्तुलांसमोर उभी होते. दोन्ही नेमबाजीची, दोन्ही महागडी, दोन्हींत पाच छरे आपोआप पुढे सरकणारे. उद्या क्लबची मॅच होती. "यातलं एक तरी वाईट असायला हवं होतं," मी पुटपुटले.

"तोच तर वैताग आहे," शेजारून मराठीत उत्तर आलं.

वळून पाहिलं तर एक काकू होत्या, सत्तरीच्या असाव्यात. साडीवर रेनकोट, पायात ट्रेनर्स. बांगड्या भरताना कासार दाबतो तसा त्यांनी माझा पंजा दाबून पाहिला. "मीडियम ग्रिप लागेल तुला. आता डोळे मिट, रिकामं पिस्तूल त्या भिंतीकडे उचल आणि मग डोळे उघड. नेम आपोआप जुळलेला दिसला तर ते तुझं."

पहिल्याचा जुळला. दुसऱ्याचाही जुळला. आम्ही दोघी इतक्या हसत सुटलो की दुकानदाराने दोन्ही पिस्तुलं हळूच स्वतःकडे ओढून घेतली.

"तुम्ही कुठलं घेतलंत?" मी डोळे पुसत विचारलं.

"ठरतंय कुठे? दोन वर्षं येतेय."

"मग घेऊन टाका ना एखादं."

त्यांनी एक हातात घेतलं, मनगट वळवून पाहिलं आणि नजर मात्र दुसऱ्यावर ठेवली. "एक घेतलं की दुसरं गेलं गं. आत्ता कशी दोन्ही माझी आहेत."

मी कार्ड पर्समध्ये परत ठेवलं. मॅचला क्लबचं जुनं पिस्तूल चालणार होतं.

"काकू," मी विचारलं, "पुढच्या शनिवारी किती वाजता येता?"