श्रीधरराव आणि मिठाच्या गोळ्या

श्रीधरराव पोहनकर गेल्याचे मला दुर्ग स्टेशनवर कळले. मी नागपूरहून परतत होतो. सामान उतरवून घ्यायला आलेला आमच्या कार्यालयाचा शिपाई म्हणाला, "साहेब, पोहनकर साहेब गेले. काल दुपारी, खुर्चीवर बसल्या बसल्या." मी हमालाला पुढे जाऊ दिले आणि तिथल्याच बाकावर टेकलो. रडू आले नाही. फार वर्षांचा शीण एकदम अंगावर उतरावा, तसे झाले... त्याला आता महिना होऊन गेला.

भिलाईच्या कारखान्याचे बांधकाम सुरू होते तेव्हा एका ठेकेदार कंपनीच्या प्रसिद्धी विभागात आम्ही दोघे एकाच टेबलावर समोरासमोर बसत होतो. पाहुण्यांना काम दाखवणे, वर्तमानपत्रांना मजकूर पाठवणे, सूचनाफलक लिहिणे, असे आमचे काम. श्रीधरराव मितभाषी, नीटनेटके. कार्यालयात पुस्तकी मराठी बोलत. त्यांना मूलबाळ नव्हते. पण त्या नव्या वसाहतीत सगळेच परके, कोणाचे कोणाला फारसे ठाऊक नव्हते, आणि सुमतीवहिनी शेजारणींना "होईल, घाई काय?" असे हसून सांगत असत.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पायाच्या खड्ड्यांतून काम करणारी माणसे घेरी येऊन पडू लागली. डॉक्टरांच्या सल्ल्याने कंपनीने पाण्याच्या टाकीपाशी मिठाच्या गोळ्या ठेवल्या. घामावाटे जाणारे मीठ भरून निघावे, एवढाच हेतू. आठवड्याभरात अफवा उठली की या गोळ्यांनी माणूस वांझ होतो, सरकारला लोक कमी करायचे आहेत म्हणून हे चालले आहे. गोळ्या टाकीखालच्या चिखलात पडलेल्या दिसू लागल्या. मग जड सामान वर चढवणारा एक खलाशी भर उन्हात घेरी येऊन परांचीवरून खाली पडला. हात मोडला, जीव वाचला. वरिष्ठांनी आम्हांला बोलावून सांगितले की ही बदनामी थांबवा.

आम्ही पत्रक काढले. मसुदा दोघांनी मिळून केला होता आणि तो आम्हांला फार आवडला होता. 'या गोळ्यांमुळे पुरुषाच्या संततीक्षमतेवर कोणताही अनिष्ट परिणाम होत नाही.' हिंदी आणि मराठीत छापून ते आम्ही सुपेल्याच्या बाजारापर्यंत लावले. ज्यांनी अफवा ऐकली नव्हती, त्यांनी ती आमच्याकडून वाचली. उतईहून सायकलने येणाऱ्या मजुरांनी ती संध्याकाळी गावी नेली. सुपेल्यातला चहावाला मला म्हणाला, "जे नाहीच, ते कोणी छापते का साहेब?" दुसऱ्या दिवशी निम्मी माणसे कामावर आली नाहीत, आणि आलेल्यांतील दोघे दुपारच्या आत कोसळले.

तेव्हा श्रीधरराव म्हणाले, "कागद पुरे झाले. मी स्वतः त्यांच्यासमोर गोळी घेतो." जेवणाच्या सुट्टीत आम्ही मजुरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. उकाडा असा की पत्रा डोक्यावर टेकल्यासारखा वाटत होता. श्रीधररावांनी तळहातावर गोळी सगळ्यांना दाखवली आणि पाण्याबरोबर गिळली. मागून गोंदियाकडचा एक मिशाळ फिटर ओरडला, "आमचे बी लेकरं झाले असते त आमी बी गिळली असती! साहेब, तुमाले किती हायेत?"

"एकही नाही," श्रीधरराव म्हणाले.

"घ्या! मंग इचारतो कायले? पाहा रे, गोळ्या खाऊन साहेबाचं काय झालं ते!"

शेड हसण्याने दणाणली. मी श्रीधररावांची बाही ओढली. निघू या, असे मला म्हणायचे होते. त्यांनी हात सोडवून घेतला. आणि ज्या माणसाच्या तोंडून मी कधी बोलीभाषा ऐकली नव्हती, तो माणूस मजुरांच्याच बोलीत बोलू लागला...

"माह्या लग्नाले चौदा वर्षं झाले रे बाबू. तवा इथं कंपनी कुठं होती? धानाच्या बांध्या होत्या. नागपूरच्या डॉक्टरनं आमाले साफ सांगितलं, होणार नाही. हे मी माह्या मायलेबी सांगितलं नाही, तुमाले सांगून राहिलो. त्या बिचाऱ्या गोळीवर कायले खापर फोडता?"

हसणे थांबले. तो फिटर पुढे आला, डोक्याचे फडके काढून त्याने हात पसरला. "द्या साहेब एक. चावाची का गिळाची?"

त्या दिवसानंतर गोळ्या चिखलात दिसल्या नाहीत. वरिष्ठांनी श्रीधररावांची पाठ थोपटली. त्या दुपारी शेडमधून परतताना श्रीधरराव मला म्हणाले, "लोकांनी ऐकलं खरं. पण आता घरी काय सांगू?" मी म्हणालो, "वहिनी समजून घेतील." किती सहज म्हणालो मी ते! दुसऱ्याच्या घरातले दुःख नेहमीच सोपे दिसते.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वसाहतीच्या नळावर पोचली. वहिनींना ती शेजारणीकडून कळली. पुढे डोहाळजेवणाची, बारशाची बोलावणी त्यांना येईनाशी झाली. "होईल, घाई काय?" हे त्यांचे वाक्य पुन्हा कोणी ऐकले नाही.

श्रीधररावांच्या तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेलो, तेव्हा न राहवून हा विषय काढला. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी खोटं थोडंच सांगितलं? मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, सांगा म्हणून. माणसं उन्हानं कोसळून राहिली होती. विचारलं नाही, एवढंच." मग म्हणाल्या, "त्यांनाही ते कळलं होतं. तेव्हापासून बाहेर जाणारा एकही मजकूर मला वाचून दाखवल्याशिवाय पाठवला नाही. इथं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसायचे. मला काय कळतं त्या सिमेंट-लोखंडातलं? पण मी 'हूं' म्हटल्याशिवाय उठायचे नाहीत."

म्हणून हा लेख वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे धाडण्यापूर्वी मी परवा तो घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी न सांगता उंबऱ्याशी पाट मांडला. त्या आत तांदूळ निवडत होत्या, मी बाहेर वाचत होतो. शेडमधल्या प्रसंगापाशी मी कागद खाली केला.

"वाचा," त्या म्हणाल्या. "थांबू नका."

संपल्यावर मी विचारले, "हे छापू ना वहिनी? की तेवढा भाग गाळू?"

त्यांनी सूप खाली ठेवले. "गाळू नका. पण ते शेवटी 'थोर' वगैरे लिहिलंत ना, ते काढा. त्या दिवशी घरी आल्यावर दोन दिवस जेवले नव्हते ते. ते लिहा."

मी तो शब्द काढला. श्रीधरराव दोन दिवस जेवले नव्हते. हे वाक्य मी त्यांना पुन्हा एकदा वाचून दाखवले, आणि आतून "हूं" येईपर्यंत पाटावरून उठलो नाही.