आखाजीचा मुहूर्त आणि आकाशी ड्रिल मशीन

आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. आकाश निरभ्र, वारा बंद, आणि जळगावचं ऊन असं, की अंगणातल्या निंबाची सावलीसुद्धा खोडाला चिकटून बसलेली.

त्या दिवशी मी जो पराक्रम केला तो सांगावा की सांगू नये, याचा मी बराच विचार केला. पण आमचे दाजी तो अख्ख्या धरणगावात सांगून मोकळे झालेत. मग म्हटलं, निदान तुम्ही तरी माझ्या तोंडून ऐका. घ्या, चहा घ्या आधी.

तर मला लाकडाची पेनं बनवायचा नाद आहे. कुणी शिकवलं नाही. बघत बघत, लाकडं वाया घालवत शिकलो. बोटभर ठोकळा घ्यायचा, त्याला लांबीतून आरपार सरळ भोक पाडायचं, भोकात पितळी नळी चिकटवायची आणि मग लेथवर फिरवत त्याला गोल करायचं. लेथ सुरू झाली की मी घरात नसतो! लाकडाची पापुद्र्यासारखी साल सुटत जाते, तिचा वास येतो, आणि मी कुठेतरी केळीच्या बागेत पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलेला असतो. सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, हाका मारून दमते आणि शेवटी लेथचं बटणच बंद करते.

दुखणं एकच होतं. भोक! हातातल्या ड्रिलने ते कधी सरळ जाईल तर शपथ. एरवी चालून जायचं, पण या वेळी गोष्ट अक्काची होती.

अक्का माझी थोरली बहीण, धरणगावला शाळेत बाई. मे अखेरीला निवृत्त होणार होती. शाळेत नवा पांढरा फळा आला तेव्हा जुन्या काळ्या फळ्याची सागवानी चौकट भंगारात निघाली. त्याच फळ्यावर अक्काने तिच्या पहिल्या वर्गाला बाराखडी शिकवलेली. तिने चौकटीचा तुकडा मागून घेतला आणि माझ्या हातात ठेवला.

"बापू, हजेरीपटावर शेवटची सही मी याच्या पेनने करणार. सगळ्या मॅडमना सांगून बसलेय. मला तोंडघशी पाडू नको."

तुकड्याला वाळवी लागलेली. कापून, घासून एकच ठोकळा धड निघाला. एकच! त्याच्या रेषांमध्ये अजून खडूची पांढरी धूळ होती. तो हातात घेतला की मला दुपारची शाळा ऐकू यायची. आता याला हातातल्या ड्रिलने भोक पाडायचं? छे! टेबलावर ठेवायची, खांबावर उभी, हँडल ओढलं की सरळ खाली उतरणारी मशीनच घ्यायची. ठरलं.

धुळ्याच्या एका दुकानात अशा मशीन आहेत असं कळलं. ठोकळा खिशात घालून निघालो. बसच्या खिडकीतून उन्हात तरंगणारी रानं बघत होतो आणि मनात ती मशीन खाली उतरत होती. विहिरीत पोहरा उतरावा तशी. सावकाश, सरळ, निवांत.

दुकानदार बोलका माणूस. त्याने दोन मशीन पुढे केल्या. एक उंच, काळपट, रंग उडालेली, उभी राहिली तर म्हैस वाटावी. दुसरी ठेंगणी, आकाशी रंगाची. अगदी आखाजीच्या सकाळचं आकाश! मी तिच्यासमोर जो उभा राहिलो तो राहिलोच.

"भाऊ, चालवून बघा ना."

"नको."

"नको? मग घेणार कशी?"

"हिचं पहिलं फिरणं घरी, पूजा करून. आखाजीच्या मुहूर्तावर, आमच्या अक्काच्या हाताने."

"बरं, लाईट नका लावू. नुसतं हँडल तर ओढा!"

"पहिलं ओढणंही अक्काचंच."

त्याने गल्ल्यावरच्या भावाला हाक मारली. "अरे, यांना मशीन दाखवायची नाहीये. दर्शन द्यायचंय!"

हसा तुम्हीही. पण मी काही डोळे झाकून घेणारा माणूस नाही बरं का! मी खिशातून पाणसळ काढली आणि टेबल सपाट आहे का ते पाहिलं. त्यावर गोटी ठेवली, ती हलली नाही. खांबाला गुण्या लावून काटकोन बघितला. भिंग काढून पट्टा तपासला. वाकून खालचे नटसुद्धा बघितले. दुकानदार माझ्यामागे मान तिरकी करून फिरत होता.

"भाऊ, एक सांगा. भोक किती खोल पाडायचंय?"

मी त्या आकाशी रंगात बुडालेलो. म्हणालो, "खोल? अगदी मनासारखं."

"मग ही घ्या," तो म्हणाला. आणखी काय म्हणणार बिचारा?

आखाजीला अक्का आणि दाजी आले. घागरीची पूजा झाली, आमरस झाला, पुरणाचे मांडे झाले. अंगणात झोका, शेजारच्या माहेरवाशिणी जमलेल्या. अक्काने त्या सगळ्यांना आत बोलावलं. "या गं, माझं पेन बघा कसं होतं ते!"

मशीन पाटावर. वर झेंडूचा हार, ड्रिलचं पातं धरणाऱ्या चकाला हळदीकुंकू. खालच्या पकडीत अक्काचा ठोकळा उभा. आधी मी तो गुण्या लावून घट्ट बसवला. मग अक्का म्हणाली, "थांब, त्यालाही पूजेत घे." म्हणून सोडवला, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि पुन्हा बसवला. केळ्यात खोचलेली उदबत्ती जळत होती. नारळ फुटला. अक्काने बटण दाबलं, हँडल ओढलं.

काय आवाज होता सांगू! भुंगा गुणगुणावा तसा. सागाचा भुसा वर येऊ लागला, खडूचा वास आला, की मला वाटला, देव जाणे. मी डोळे मिटले.

"बापू," अक्काचा आवाज. "हे खाली जात नाहीये."

"दाब जरा."

"दाबतेच आहे. हँडलच थांबलं."

दाजी पुढे आले. दाजी कापसाचे शेतकरी. यंत्राशी फार बोलत नाहीत, थेट ओढतात. त्यांनी ओढलं. हँडल जिथे होतं तिथेच. त्यांनी ठोकळा काढून उन्हाकडे धरला आणि एक डोळा मिटला.

"हाई काय शे भो? आरपार काही दिसत नई!"

मी काडी घालून मापलं. मशीन जेवढी खाली उतरू शकते तेवढी उतरली होती आणि ठोकळा अजून बराच शिल्लक होता. धुळ्यात नुसतं हँडल ओढलं असतं तर तिथेच कळलं असतं! मी गोटी ठेवून बघितली, भिंगातून बघितलं, पण ती उतरते किती, हे बघितलंच नाही.

"तुम्ही नट पण मोजले होते ना?" सुनंदा म्हणाली.

मी ठोकळा उलटा धरला. "हरकत नाही. उलटा करून दुसऱ्या बाजूने पाडू. मधे दोन्ही भोकं भेटतील."

"भेटतील ना नक्की?" अक्काने विचारलं. ती आता हसत नव्हती.

"अगं, मधोमध खूण केलीय मी!"

ठोकळा उलटा बसवला. आता हँडल माझ्या हातात. पुन्हा तो भुंगा, पुन्हा तो वास. पुन्हा हँडल अडलं. ठोकळा सोडवून फुंकर मारली आणि उन्हाकडे धरला. अंधार. उलटा करून बघितला. तिकडूनही अंधार. दाजींनी पाणी ओतून बघितलं. पाणी आतच.

दोन भोकं एकमेकांच्या शेजारून गेली होती. ओळख नसल्यासारखी!

असं कसं झालं? मी पकडीच्या तळाशी बोट फिरवलं. तिथे, ठोकळ्याच्या एका कडेखाली, कुंकवाने माखलेला तांदळाचा एक दाणा चिकटून बसला होता. अक्षता! ठोकळा दोन्ही वेळा त्या दाण्यावर तिरका उभा राहिला आणि दोन्ही वेळा भोक तिरकं गेलं. मी गुण्या लावला होता तो पूजेच्या आधी. नंतर मी डोळे मिटून भुंगा ऐकत होतो.

बाहेर रिकामा झोका तसाच लटकत होता. तेवढ्यात पाटावरच्या केळ्यातून उदबत्ती कलंडली आणि हाराला लागणार तोच अक्काने ती उचलली. इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्या हातातल्या ठोकळ्याच्या भोकात उभी केली. छान बसली.

"बापू," दाजी म्हणाले, "भोक वाया गयं नई रे."

तेव्हा अक्का हसली. मग सगळ्या हसल्या. मी मशीनवरचा हार सरळ करत बसलो.

मे अखेरीला अक्काने हजेरीपटावर शेवटची सही केली. पेन दाजींच्या खिशातलं होतं. ठोकळा धरणगावला देवघरात आहे. उदबत्ती त्यात दोन्ही बाजूंनी बसते.