बाभळीच्या नऊ बरगड्या

सरूमावशीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती लाकूड चाटत होती. हे मी गमतीने लिहीत नाही. धरणाच्या मागच्या पाण्याला लागून तिचं पत्र्याचं घर, शेजारी गोठा, आणि गोठ्यात विटांवर ओळीने मांडलेली नऊ वाकडी लाकडं. सत्तरीची बाई एकावर वाकली, जीभ लावली, डोळे मिटून चव घेतली आणि पुढच्या लाकडाकडे वळली. रविवारी पक्षी बघायला आलेला मी, गळ्यातली दुर्बीण विसरून तोंड वासून उभा राहिलो.

"काय बघतो रे?" ती म्हणाली. "आतलं पानी जिभेलाच कळतं. हात लबाड ऱ्हातो."

ती लाकडं म्हणजे तिच्या होडीच्या बरगड्या. होडीच्या पोटात बसवलेले हे वाकडे आधारच बाहेरच्या फळ्यांना धरून ठेवतात. आदल्या पावसाळ्यात होडी बुडाली होती, ती उन्हाळ्यात पाणी आटल्यावर चिखलातून वर काढली. फळ्या सागाच्या, त्या तगल्या. बरगड्या बाभळीच्या, आणि इतकं पाणी प्यालेल्या की एक उचलायची तर मला दोन्ही हात लागले. मावशीने त्या सोडवून सावलीत मांडल्या होत्या. टोकांना शेण लिंपलेलं, वरून ओली गोणपाटं. वाळवायच्या लाकडावर ओलं गोणपाट! मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात, रंगकामाच्या शॉपमध्ये सुपरवायझर. पत्र्यावर रंग भाजणाऱ्या भट्ट्या माझ्या हाताखाली, तेव्हा वाळवण्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत. मी तिला चार शब्द शहाणपणाचे सांगितले.

"लाकडाला कळू द्यायचं नाय," ती शांतपणे म्हणाली, "की ते वाळतंय म्हनून. कळलं की बिथरतं."

मग मी दर रविवारी जायला लागलो. पक्षी मागे पडले. आठवड्यागणिक ती गोणपाटं थोडी कमी भिजवायची, आणि रोज सकाळी एकेका बरगडीची कूस बदलायची. "चला, वळा आता, लय झोपले," असं त्यांना म्हणायची. मी 'तुम्ही' म्हणायचो ते चौथ्या रविवारी तिने बंद केलं. "मी काय मास्तरीन हाय का? सरळ बोल." तेव्हापासून 'तू'.

नवरा गेल्यावर होडी तिनेच चालवली. गवताचे भारे, शेळ्या, पलीकडे रानात जाणाऱ्या बाया, सगळं तिच्या वल्ह्यावर. एकदा एक सासू आणि सून चढल्या त्या भांडतच. मध्यावर मावशीने वल्ही वर घेतली आणि मिश्री लावत बसली. होडी तिथेच डुलत राहिली. दोघी गप्प झाल्यावर म्हणाली, "भांडान काठावर करायचं. पान्यात माझं चालतं." त्या दोघी उतरताना एकमेकींचा हात धरून उतरल्या, असं गावात अजून सांगतात.

तिचा एकुलता मुलगा मनमाडला रेल्वेत. भला माणूस, आईच्या काळजीने पोखरलेला. त्याने एकच अट घातली होती: दिवाळीपर्यंत होडी पाण्यात गेली तर राहा, नाही गेली तर माझ्याबरोबर चल. मावशीने शब्द दिला होता. "मनमाडला नळ हाय म्हने घरात," ती मला म्हणाली. "मी काय बादलीत वल्हं मारू?" ती हसली, पण त्या दिवशी तिने बरगड्यांची कूस दोनदा बदलली.

नवरात्र आलं. तिने जीभ लावली आणि नकारार्थी मान हलवली. वाळायला अजून दोन महिने. दिवाळी तर तोंडावर. "मुलाशी मी बोलू का?" विचारलं, तर म्हणाली, "शब्द मी दिलाय, तू कशाला बोलतो?"

दसऱ्याला ती तीन दिवस बहिणीकडे नांदगावला गेली. जाताना गोठ्याची चावी माझ्या हातात दिली. "फक्त कूस बदल. दुसरं काय करू नको."

मी दुसरं केलं. दसऱ्याच्या सुट्टीला शॉप बंद होतं. टेम्पो नेला, नऊ बरगड्या घातल्या, भट्टीत मांडल्या. आच अगदी कमी ठेवली, एवढी अक्कल मला होती. मावशी परत येईल, कोरडी लाकडं पाहील, तिचा चेहरा कसा होईल, हेच चित्र डोळ्यांपुढे. पहिला तास बरा गेला. मग आतून आवाज आला. टक्. पुन्हा टक्. मग एकामागून एक, फटाक्यांची माळ लागल्यासारखे. मी धावत जाऊन दार उघडलं. नऊच्या नऊ बरगड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उकललेल्या. भेगांत माझं बोट जात होतं. एक तर पिळून उलटीच झाली होती. मी भट्टी बंद केली आणि त्या एकेक करून बाहेर काढल्या.

मावशी आली तेव्हा बरगड्या परत विटांवर मांडून मी गोठ्याच्या दारात उभा होतो. ती आत गेली. एकेका भेगेवरून बोट फिरवत नवव्या बरगडीपर्यंत पोचली. मी नवीन लाकूड आणून देतो म्हणालो, नाशिकच्या वखारीतून, लागेल तसलं.

"असला वाक वखारीत नाय मिळत," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी बांधावरच्या बाभळी कवळ्या असताना दोर लावून वाकवल्या. सात वर्सं. रोज सकाळी दोर तपासायचे. झाड वाढलं ते वाकडंच वाढलं, म्हनून त्या मोडत नव्हत्या."

मला हे माहीत नव्हतं. इतक्या रविवारांत मी कधी विचारलंच नव्हतं.

"मला... तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, मावशी."

तिने माझ्याकडे पाहिलं. "दिला ना," ती म्हणाली.

मग ती गोणपाटांच्या घड्या घालायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा मुलगा टेम्पोत भांडी चढवत होता. त्याने मला नमस्कार केला. तो कशाबद्दल, तेच मला कळेना. त्याला बहुतेक तिने काही सांगितलं नव्हतं. मावशी चुलीपुढे बसली होती. मला पाहून तिने पाट सरकवला. चहा उकळत होता. चुलीत काय जळतंय हे लक्षात यायला मला क्षणभर वेळ लागला. बरगडी होती. तिचं वाकडं टोक चुलीच्या तोंडाबाहेर आलं होतं.

"मावशी, हे काय करतेस?"

"वाळलीत मात्र झकास," ती म्हणाली. "बघ, जरा धूर नाय."

तिने कप माझ्यापुढे ठेवला. मी तो उचललाच नाही.

"पी," ती म्हणाली आणि बरगडी आत ढकलली. "अजून आठ हायेत."